काहीही न जोडलेली तार

भातकापणीनंतर आमच्या यंत्रात आकाशातून येणारे कण खरोखर वाढले होते का, एवढाच प्रश्न घेऊन मी हे लिहायला बसले आहे.

मुरबाडच्या एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत खास प्लास्टिकच्या दोन पाट्या काळ्या कागदात गुंडाळून एकीवर एक ठेवल्या आहेत. वातावरणात उंचावर जन्मलेला कण पाटीतून गेला की आत क्षीण प्रकाश उमटतो आणि तारेतून विजेचा एक ठोका येतो. तो नोंदवायचा की नाही, हे ट्रिगर नावाचे मंडल ठरवते. त्याचा नियम साधा आहे: दोन्ही पाट्यांचे ठोके एकाच क्षणी आले तर घ्यायचे, नाहीतर सोडायचे. सोडलेले परत मिळत नाही. घेतलेले मात्र पुन्हा पारखता येते, आणि ते पारखावेच लागते.

ही पारख माझी एक विद्यार्थिनी करीत असे. ती शहापूरहून एसटीने येई. आल्याबरोबर पाट्यांचा व्होल्टेज, खोलीचे तापमान, कागदाला कुठे फट पडली आहे का, हे पाही आणि मगच आलेखाकडे वळे. कापणीनंतर रोज सकाळी तो आलेख वर चढू लागला. बाकी सारे ठीक होते. मुंबईच्या एका परिषदेत तिचे सादरीकरण ठरले होते आणि ते पूर्णपणे या वाढीवर उभे होते.

मला एक गोष्ट खटकत होती. आमच्या सर्व तपासण्या पाट्यांच्या होत्या. तारांची एकही नव्हती. मी तिला पाट्यांच्या दोन तारांशेजारून तितक्याच लांबीची तिसरी तार न्यायला सांगितले. एक टोक नोंदणीयंत्रात, दुसरे कोणत्याच पाटीला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीतली भातगिरणी सुरू झाली आणि तिसऱ्या तारेचा रकाना भरू लागला. तिने पडद्यावर त्या रकान्याशी बोट टेकवले.

"मॅडम, हिला काय पन जोडलेलं नाय, आणि हिला पन आकाश दिसतंय."

आम्ही दोघी हसलो. ती आधी थांबली.

मोटर चालू होताना उठणारा विजेचा गोंधळ सर्व तारांना एकाच क्षणी शिवत असावा, असे मी तिला समजावले. ट्रिगरला एकाच क्षणी आलेले ठोके हवे होते आणि ते त्याला मिळाले. त्याने नियम तंतोतंत पाळला होता. तिसरी तार बोलली तेव्हाच्या नोंदी आम्ही बाजूला काढल्या, तर चढ सपाट झाला.

उरला प्रश्न तार लावण्याआधीच्या नोंदींचा. आता दिसले त्या प्रमाणात त्यांतून वजाबाकी करावी, असे तिने सुचवले. मी म्हटले, तशी संख्या कमी करता येईल. पण उरलेल्यांपैकी खरी नोंद कोणती, हे कसे सांगणार?

"मग मी तिथं जाऊन काय सांगू? नाय आलं, असं?"

"हो. आणि का नाही आलं, तेही."

"घरी सगल्यांना सांगितलंय मी."

सादरीकरण तिचे आहे, निर्णयही तिनेच घ्यावा, एवढेच मी म्हणाले.

काही दिवस ती आली नाही. आली तेव्हा तिने जुन्या नोंदी पुसल्या नाहीत. तेव्हा तिसरी तार नव्हती, म्हणून त्यांच्यापुढे 'बाद' न लिहिता 'साक्ष नाही' असे लिहिले. परिषदेत तिने चढता आणि सपाट, असे दोन्ही आलेख दाखवले. कण वाढले होते का, असे एकाने विचारल्यावर ती म्हणाली, "या नोंदींवरून सांगता येत नाही." टाळ्या बेताच्याच पडल्या. बाहेर येऊन तिने आईला फोन लावला आणि तेच वाक्य घरच्या बोलीत सांगितले.

गिरणी हेच कारण, हे मी सिद्ध केलेले नाही. वेळा जुळल्या, इतकेच म्हणता येते. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे, त्यांनी एक मोकळी तार लावून हे स्वतः तपासून पाहावे, ही विनंती.