‘चुकून झालं’ म्हणून लिहा

‘चुकून’ हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं आणि नव्वदच्या दशकात मी दिंडोरीकडे फौजदार असतानाची ती घटना आठवते.

एका शेतकऱ्याची द्राक्षबाग कुणीतरी तणनाशक फवारून जाळली होती. घड धरलेल्या वेलींनी माना टाकल्या होत्या. तो रडत फिर्याद देत होता, तेवढ्यात शेजारच्या बागेचा मालक, म्हणजे त्याचाच थोरला भाऊ, आपल्या गड्याला घेऊन ठाण्यात हजर झाला.

“साहेब, दोन्ही बागांत औषध हाच मारतो. ह्याच्या हातून पंप बदलला, तणनाशकाचा गेला. चुकून झालं म्हणून लिहा आन् मिटवा.”

गडी पेठकडचा, मजुरीला येऊन मालकाच्याच खोलीत राहणारा. खाली मान घालून तोही म्हणाला, “चुकून झालं.” पोलीस पाटलांनी तेच सांगितलं. बाहेर बसलेल्या गड्याच्या बायकोनंही तेच. मी वैतागलो. अरे, गुन्ह्याची शिक्षा कमी करायची की नाही ते कोर्ट बघेल, आधी तो केला कुणी ते तर कळू द्या!

बीट हवालदारानं हळूच खबर दिली, की विहिरीच्या पाण्यावरून दोघा भावांत नुकतीच हाणामारी झाली होती. गड्याला एकट्याला आत घेतलं. चहा पाजला, दरडावलं. पठ्ठ्या ‘चुकून’च्या पुढे सरकेना.

मग थोरल्याला बोलावलं. द्राक्षवाले तणनाशकाचा पंप वेगळा ठेवतात. कितीही धुतला तरी तो वेलींजवळ नेत नाहीत. मी सहज म्हणालो, “पंप उघड्यावर टाकता म्हणजे निष्काळजीपणा तुमचाच.”

हे त्याला झोंबलं. “उघड्यावर? कुलपात असतो साहेब! किल्ली माझ्या कमरेला. गड्याच्या हाती कधी दिली नाय.”

“मग कुलूप कुणी काढलं?”

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, “रागाच्या भरात झालं साहेब. तसं लिहा.”

मी कपाळावर हात मारून घेतला. गड्यासाठी ‘चुकून’, स्वतःसाठी ‘रागाच्या भरात’!

गड्याला विचारलं, “तू कबूल का झालास रे?”

“मालक बोलला, चुकून म्हणलं का काय व्हत नाय. नायतर बायकोपोरं घेऊन खोली खाली कर.”

दोष हलका करणारा शब्द घ्यायचा, तर आधी दोष अंगावर घ्यावा लागतो. एवढी साधी गोष्ट नोकरीची इतकी वर्षं जाऊनही माझ्या ध्यानात आली नव्हती.

त्याला जा म्हटलं, तरी तो उठेना.

“साहेब, आता चुकून नका लिवू. ह्यानं कायच केलं नाय, असं लिवा.”

तसंच लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावलं.