हात लावू नये

आमच्या ग्रुपवरचे किस्से सांगायला बसलं की संपत नाहीत. एक सांगून होतोय तोवर फोन वाजतो आणि दुसरा तयार! आम्ही लातूर-नांदेडकडची हौशी मंडळी. लोक रानातले फोटो टाकतात, आम्ही झाडापाखरांची नावं सांगतो. फुकट! आणि वर डोकं फिरवून घेतो.

*

एकाने तितराचा फोटो टाकला. मी नाव, आवाज, घरटं, सगळं भक्तिभावाने लिहिलं. उत्तर आलं, "ते ऱ्हाऊ द्या सर. रस्सा करावा का सुक्कं?"

आमचे गायकवाड सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, एरवी शांत माणूस. त्यांनी टाईप केलं, "इथे ओळख सांगतात, फोडणी नाही!"

*

"सर, विषारी हाय का?" खाली साप.

"धामण आहे. अजिबात विषारी नाही. उंदीर खाते, मारू नका!"

"मारलाय की मघाशीच. खात्री करून राहिलो."

कपाळ बडवून घेतलं मी.

*

हिमायतनगरच्या एका गुरुजींना कंदीलपुष्प सापडलं. नाजूक वेल, कंदिलासारखं इवलं फूल. मी हुरळून लिहिलं, "जपा, फार दुर्मिळ आहे!"

आठवड्याने पुन्हा फोटो. वेल उपटून बादलीत लावलेला, मान टाकलेला. "दुर्मिळ म्हणलात म्हणून घरी आणला. पाणी जास्त झालं का सर?"

गुरुजी, अहो गुरुजी! संताप संताप झाला. गायकवाड सर म्हणाले, "दुर्मिळ हा शब्द आजपासून बंद."

*

पुढचा कंदीलपुष्पाचा वेल इस्लापूरकडून आला. सरांनी लिहिलं, "साधाच वेल आहे."

माणूस खूश. "बरं झालं सांगितलं. शेळीला घालतो."

त्या दिवशी सर जेवले नाहीत. शेवटी आम्ही ठरवलं, आता सरळ विषारी म्हणून सांगायचं. मग बघू कोण उपटतंय!

*

आणि लातूरजवळच्या मुरुडहून फोटो आला. बांधभर कंदीलपुष्पं, सगळी फुललेली! सरांचा लगेच फोन. "अरे, एवढी एका जागी मी जन्मात पाहिली नाहीत. सकाळीच निघू." आणि ग्रुपवर त्यांनी टाकलं, "अत्यंत विषारी. कुणीही हात लावू नये."

सकाळी मोटरसायकलवर पोचलो. शेतकरी बांधावरच उभा होता, हात जोडून.

"या सर, लई उपकार झाले. घरात बारकी लेकरं हायेत. तुमचा मेसेज बघितला अन् सांजच्यालाच तणनाशक फवारलं. कुणाला हात म्हणून लावू दिला न्हाई!"