दहा फॉर्म, दहा बोटं

हे मी नाझिमाला सांगितलं नाही, मायला नाही, बायकोलाही नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून तुम्हाला सांगतोय—नाही, तेही खरं नाही. परवापासून पोटात राहीना, एवढंच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अर्धापूरहून विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला गेलो, याचा गर्व होता. अजून आहे. शेवटच्या वर्षी पुण्याच्या एका टेक कंपनीने आमच्या प्रोजेक्टला सामान दिलं, शिकवायला माणूस दिला. अट एकच—वस्तू ज्या बायांसाठी करताय त्यांना आठ दिवस वापरायला द्या, आणि त्या काय म्हणतात ते फॉर्मवर लिहून आणा. दहा जणी. खाली सही, नाहीतर अंगठा.

आमची वस्तू म्हणजे केळीचे घड वाहायला खांद्यावर बसणारी लोखंडी चौकट. आखली नाझिमाने, प्रोजेक्टात आम्ही दोघंच. तिचे अब्बा नांदेडात वेल्डिंग करतात, त्यांच्याच दुकानात ती बनली. अर्धापूर माझं, म्हणून चाचणी माझ्याकडे. ती सोबत येते म्हणाली. मी म्हटलं, नको, गावातल्या बाया लाजतात.

लाजत कोण होतं? घड वाहणाऱ्या बायांच्या टोळीत माझी माय होती—आणि कॉलेजात मी सांगून बसलो होतो की गावात आमची केळीची बाग आहे.

चौकट गोणीत गुंडाळून बसने आणली आणि माळ्यावर टाकली. एका दुपारी दहाही फॉर्म घरी बसून भरले. ‘लई हलकं वाटून राहिलं’—मायच्याच बोलीत लिहिलं. अंगठ्यांचं काय करायचं? शाईचं पॅड आणलं, आणि एकेका बाईला माझं एकेक बोट दिलं. किती सोपं गेलं ते! अजून धक्का बसतो तो त्याचाच. संध्याकाळी माय कामावरून आली, माझे हात बघून म्हणाली, “शाई सांडली का रे लेकरा?”

हाव म्हटलं.

कंपनीला फॉर्म फार आवडले. कंपनीनेच वीस चौकटी करून त्याच टोळीला दिल्या. तिसऱ्या दिवशी मायचा खांदा सोलला. मी हळद लावत होतो आणि ती म्हणत होती, “कोन्या येड्यानं केलंय रे हे? एकदा कुनाच्या खांद्यावर ठिवून तर बघायचं!” खांद्यावरचा पट्टा अजून दोन बोटं रुंद हवा होता. एका दिवसात कळलं असतं—एका दिवसात!

कंपनीच्या बैठकीत दोष आखणीवर आला. नाझिमा म्हणाली, “पण दहा जणींनी चांगलं म्हटलंय ना?” आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, “माझ्यासमोर बोलल्यात त्या.”

नोकरी मला मिळाली. तिच्या नावापुढे ‘आखणी कच्ची’ असा शेरा बसला. ती आता अब्बांच्या दुकानात खिडक्यांच्या जाळ्या आखते.

आणि मी? त्याच कंपनीकडून विष्णुपुरीला पोरांना शिकवायला जातो—लोकांचं ऐकायचं कसं, हे. परवा नमुना म्हणून आलेली फाइल उघडली, तर तेच दहा फॉर्म. पुढच्या बाकावरची एक मुलगी शेवटचा ठसा निरखत म्हणाली, “सर, एवढुसा अंगठा! ही बाई किती बारीक असंल हो?” वर्ग हसला. मीही हसलो.

ती माझी करंगळी होती. फॉर्मवर नाव मायचं होतं.