बँक हॉलिडेचं हरण

शशिकांत चौबळांनी बार्बेक्यू पेटवला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. लेक येणार होती एक वाजता. जेवणाच्या साडेतीन तास आधी कोळसा कोण पेटवतं हो? पण हे त्यांना सांगणार कोण? बायकोने, सीमाने, किचनच्या खिडकीतून पाहिलं, कपाळाला हात लावला आणि खिडकी लावून घेतली. वाळत घातलेल्या चादरींना धुराचा वास लागायला नको, एवढीच तिची काळजी.

दहा वाजता निखारे विझायला आले. शशिकांतरावांनी पुन्हा पेटवले. मग कव्हर झाकलं, उघडलं, पुन्हा झाकलं. मग पाव मोजले. आठ होते, मघाशीही आठच होते.

मुळात स्वस्थ बसणं या माणसाच्या पत्रिकेतच नाही. ठाण्याहून आल्यापासून सत्तावीस वर्षं साउथहॅम्प्टनच्या बंदरात क्रेनचा इलेक्ट्रिशियन म्हणून काम केलं. वादळवाऱ्यात, हातमोज्यात बोटं बधिर होईपर्यंत. गेल्या वर्षी रिटायर झाले आणि हातांना कामच उरलं नाही. मग काय, घरातले सगळे सॉकेट बदलून झाले, शेडच्या दाराला तीनदा रंग देऊन झाला, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंची चांगली चालणारी डोअरबेलसुद्धा यांनी दुरुस्त केली. "अहो, जरा बसा ना, घर फिरतंय माझ्याभोवती," असं सीमा दिवसातून चारदा म्हणते. बसतात. दोन मिनिटं.

पण आजची घालमेल निराळी होती. मायरा आठ महिन्यांनी घरी येत होती.

एकुलती एक मुलगी. मेडिकलला होती, तिसऱ्या वर्षाला. गेल्या ख्रिसमसला घरी आली आणि टेबलाशी बसून शांतपणे म्हणाली, "बाबा, मी मेडिसिन सोडली. मला न्यू फॉरेस्टजवळ जॉब मिळालाय. डीअर मॅनेजमेंट." म्हणजे काय, तर हरणं फार झाली की कोवळी झाडं खाऊन जंगल उजाड करतात, म्हणून दरवर्षी ठरवून काही मारावी लागतात. ती मारायचं हे काम. रायफलने. तिने सगळं नीट समजावलं, लायसन्स, ट्रेनिंग, सगळं. शशिकांतरावांनी त्यातलं एक अक्षर ऐकलं असेल तर शपथ. ते उठले, येरझाऱ्या घालायला लागले आणि म्हणाले, "इतकी वर्षं लोकांना सांगत होतो, मुलगी डॉक्टर होणार. आता काय सांगू? खाटीक झाली म्हणून?"

मायराने कोट घातला आणि ती गेली. त्यानंतर फोन आईला, मेसेज आईला. मराठी मंडळातल्या लोकांना शशिकांतराव सांगायचे, "ती जंगलात रिसर्च करते." सांगताना नजर बुटांकडे.

या महिन्यात सीमा तिला परस्पर तिच्या कामाच्या गावी, लिंडहर्स्टला जाऊन भेटली आणि येताना एक पाकीट घेऊन आली. दोन किलो खिमा. वर मायराच्या तिरक्या अक्षरात हरणाची जात, तारीख आणि वजन. "तिने स्वतः आणलेलं आहे," सीमा म्हणाली. "बाबांना दे म्हणाली. आणि बँक हॉलिडेच्या सुट्टीला येते म्हणाली."

बाबांना दे म्हणाली! आठ महिन्यांत पहिल्यांदा. पाकीट फ्रीझरमध्ये मटारांखाली गेलं, आणि आठवडाभर शशिकांतराव फ्रीझर उघडून ते बघायचे आणि बंद करायचे. त्यांना बोलून काही सांगता येत नसे, कधीच आलं नाही. पण पोरीने मारलेलं हरण पोरीच्या समोर बसून खाल्लं की ती समजेल, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. बोलायची गरजच पडणार नाही. एक घास आणि प्रश्न मिटला.

म्हणून तयारी काय विचारता! हरणाच्या मांसाला चरबी नसते, बर्गर कोरडा होतो, तुटतो. इथले लोक त्यात गाईची नाहीतर डुकराची चरबी मिसळतात. ते चौबळांच्या घरात होणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी गोठवलेलं बटर किसून घातलं. बाकी सगळं आईच्या खिमा पॅटिससारखं, आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं हिरवं वाटण, भिजवून पिळलेला पाव, एक अंडं. साडेदहाला त्यांनी एक बर्गर नमुन्याला जाळीवर टाकला. बटर खाली टपकलं, ज्वाळा भसकन वर आली, भुवया थोडक्यात वाचल्या. पण वास! वास असा सुटला की शेजारचं कुत्रं कुंपणाला पाय लावून उभं राहिलं.

त्यांनी तुकडा मोडला, फुंकर घातली, तोंडाजवळ नेला.

"अहो," सीमा दारातून म्हणाली. "आज वार कुठला?"

"बँक हॉलिडे."

"आणि बँक हॉलिडे कुठल्या वारी असतो?"

शशिकांतरावांचा हात तसाच राहिला. अरे देवा. सोमवार!

आता सोमवार म्हणजे काय ते सांगायला हवं. मायरा जन्मली ती सातव्या महिन्यात. हाताच्या पंज्यात मावेल एवढीशी. तीन आठवडे काचेच्या पेटीत. तिथल्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारताना या माणसाने महादेवाला सांगितलं, पोरगी जगू दे, जन्मभर सोमवारी मांसमच्छी तोंडाला लावणार नाही. पोरगी जगली. तेव्हापासून तेवीस वर्षं, बंदरावर पहाटेच्या शिफ्टला असोत की कुणाच्या लग्नात, सोमवार चुकला नाही. का पाळतात ते मायराला कधी सांगितलं नव्हतं. सीमाला तेवढं ठाऊक. आणि नोकरीत असताना वार डोक्यात पक्के असायचे. रिटायर झाल्यावर सगळेच दिवस रविवार, त्यात सुट्टी. झाला घोटाळा.

"सांगून टाका तिला," सीमा म्हणाली. "समजूतदार आहे ती."

"काय सांगू? आठ महिन्यांनी येतेय, स्वतः आणलेलं ताटात वाढलंय, आणि मी म्हणू, आज नाही खात? तिला वाटेल बाबाने बहाणा शोधला."

"मग खा. एक सोमवार. देव काही रजिस्टर घेऊन बसलेला नाही."

"तिच्याच जिवाची बोली आहे ती, सीमा! आणि ती हातात बंदूक घेऊन रानात फिरते!"

नमुन्याचा बर्गर शेवटी कुंपणापलीकडच्या कुत्र्याला मिळाला.

पुढचे दोन तास शशिकांतरावांनी बागेत किती फेऱ्या मारल्या ते गवताला विचारा. खाल्ल्यासारखं करावं आणि रुमालात लपवावं? छे, पोरीची नजर तिखट. आजारी पडल्याचं सांगावं? तेही खोटं. दुसऱ्या दिवशी ये म्हणावं? तिला सुट्टी हीच. आणि मग मधेच त्यांना वेगळीच भीती वाटली. आपण खरंच विसरलो होतो का? की आतून आपल्याला हे खायचंच नव्हतं, म्हणून सोमवार दिसूनही दिसला नाही? स्वतःचाच भरवसा वाटेना. त्या विचाराने ते एवढे बेचैन झाले की चिमट्याने चांगले पेटलेले निखारे उगाच इकडचे तिकडे करत राहिले.

एक वाजून दहा मिनिटांनी चिखलाने माखलेली गाडी दारात थांबली. मायरा उतरली. उन्हाने रापलेली, केस बारीक कापलेले, खांदे रुंद झालेले. "हाय बाबा," म्हणाली. मिठी आईला मारली.

ती सरळ बार्बेक्यूकडे आली. शशिकांतराव कालथ्याने बर्गर दाबत होते.

"बाबा, दाबू नको! सगळी ज्यूस जाते." तिने कालथा हातातून घेतला. "हे लीन मीट आहे. एकदाच उलटायची, मग सोडून द्यायची."

बाजूला उभं राहून ते बघत राहिले. ती एकदाही घाईने हलली नाही. बर्गर जाळीवर, हात स्थिर, नजर स्थिर. आपल्या घरात हे कुठून आलं, त्यांना कळेना.

"मायरा," त्यांनी घसा खाकरला. "आज जरा..."

"मंडे आहे, माहितीय." तिने पिशवीतून फॉइलची पुडी काढली. "तुझ्यासाठी हलूमी आणलाय. पनीरसारखा असतो. बाजूला भाजते, टच नाही होणार."

सुटलो, असं त्यांना क्षणभर वाटलं. आणि लगेच लक्षात आलं. म्हणजे ती येतानाच गृहीत धरून आली होती. बाबा खाणार नाही. सोमवार म्हणून की बाबा म्हणून? तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना, आणि विचारायचं धाडस होईना.

जेवण झालं. सीमाने दोन बर्गर खाल्ले आणि तोंड भरून कौतुक केलं. शशिकांतरावांनी हलूमी चावला. रबरासारखा लागला. ते गाडीच्या टायरबद्दल बोलले, मग इंजिन ऑइलबद्दल बोलले, मग पुन्हा टायरबद्दल बोलले. हात मिठाची बाटली फिरवत होता. तीन वाजता मायरा उठली, पहाटे लवकर काम होतं.

दारात तिने इंग्लिशमध्ये म्हटलं, "थँक यू फॉर हॅविंग मी."

पाहुणे म्हणतात तसं! शशिकांतराव "हो, हो" म्हणाले. गाडी वळली, गेली. स्वतःच्या घरातून पोरगी आभार मानून गेली, आणि तुम्ही टायरबद्दल बोलत बसलात! ते तिथेच पायरीवर उभे राहिले. मग जाऊन बार्बेक्यूची जाळी घासली. एकदा घासली, पुन्हा घासली. उरलेला एक बर्गर सीमाने फ्रीजमध्ये ठेवला होता.

मंगळवारी सहाला ते उठले. चहासुद्धा टाकला नाही. फ्रीज उघडला, बर्गर काढला आणि तिथेच, दार उघडं ठेवून, उभ्याने खाल्ला. थंडगार. बटर गोठलेलं. पण मांसाला रानाचा एक गडद, गोडसर स्वाद होता आणि तो जिभेवर राहिला. सगळा खाल्ला. मग हात न धुताच फोन लावला.

पहिल्या रिंगला उचलला. "बाबा? काय झालं? आई बरी आहे?" ती कुजबुजत होती. "मी मचाणावर आहे, झाडावर. इथे बोलता येत नाही."

"बोलू नकोस," शशिकांतरावही कुजबुजले. साउथहॅम्प्टनच्या बंदरावर वाऱ्याच्या वर आवाज चढवणारा माणूस स्वतःच्या किचनमध्ये दबक्या आवाजात बोलत होता. "तू फक्त ऐक. खाल्ला मी. आत्ता. सगळा."

पलीकडे पानांची सळसळ.

"मीठ कमी पडलं, ती माझी चूक. आणि ख्रिसमसला मी जे बोललो ना, तो शब्द... तो बोलायला नको होता. तू काय सांगत होतीस ते मी ऐकलंच नाही. मी चुकलो, मायरा."

आयुष्यात हे वाक्य त्यांनी कुणालाही म्हटलं नव्हतं. ना बायकोला, ना साहेबाला. बोलून झाल्यावर पुढे काय करायचं तेही त्यांना ठाऊक नव्हतं. उत्तर आलं नाही, येणं शक्यही नव्हतं. हरणाच्या वाटेवर बसलेली पोरगी बोलणार कशी? पण फोन कट झाला नाही. मग बारीकसा आवाज आला, नाक ओढल्याचा. लहानपणी गुडघा फुटला की रडू दाबताना ती असंच ओढायची.

शशिकांतरावांनी फोन कानाला घट्ट लावला आणि ते हलले नाहीत. फ्रीजचं दार उघडंच होतं. सीमा खाली आली, तिने त्यांना तसं उभं पाहिलं आणि काही न विचारता ती मागे फिरली.