आमचे व्याही आणि तिसरी शिट्टी

विनिपेगातच काय, अख्ख्या कॅनडात आमच्या व्याह्यांइतका अभ्यास करून कुणी खेळ खेळला नसेल. आणि खेळ तरी कसला, तर दुसऱ्यांनी पळायचं आणि ह्यांनी दमायचं. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. बायको गेल्यावर तीन वर्षांपूर्वी नागपूरहून लेकीकडे आले. ग्रोसरीला जायचं तरी टाय बांधणार. बर्फ पडलं की आधी पट्टीनं मोजून वहीत लिहिणार, तोवर माझा मुलगा सगळं फावड्यानं शोव्हल करून आत आलेला असायचा. नागपुरात तीस वर्षं त्यांनी वधूवर मंडळ चालवलं, त्यामुळे माणूस दिसला की उंची विचारायची खोड. इथल्या दातांच्या डॉक्टरणीलाही विचारली.

मुलाच्या ऑफिसातले लोक दरवर्षी फँटसी फुटबॉल खेळतात. फुटबॉल म्हणजे इथला, चेंडू हातात धरून पळायचा. खरे खेळाडू तिकडे मैदानावर आपटतात, इकडे आपण आपापले निवडून ठेवायचे, ते चांगले खेळले की गुण आपल्याला. निवडीच्या दिवसाला ड्राफ्ट म्हणतात. दहा जण पाळीपाळीनं निवडणार, एकानं घेतलेला दुसऱ्याला नाही. गेल्या वर्षी एक जण कमी पडला म्हणून मुलानं व्याह्यांचं नाव घातलं. म्हणाला, बाबा, फक्त जागा भरायची आहे, ऑटोपिकवर ठेवा, कंप्युटर आपोआप निवडतो.

व्याही दुपारी मी भाजी निवडत होते तिथं येऊन बसले. म्हणाले, "विहीणबाई, दोन वर्षं या घरात मी ऑटोपिकवरच आहे. एकदा स्वतः निवडून दाखवतो."

मग तीन आठवडे आमच्या डायनिंग टेबलावर कुणी धड जेवलं नाही. एकेका खेळाडूचं कार्ड, त्यावर उंची, वजन, कॉलेज, प्रकृती. नऊ वाट्या म्हणजे बाकीचे नऊ जण, आणि त्या नऊही जणांच्या वतीनं निवडायची मी, चौथी शिकलेली. मला आकडे वाचता येतात, तेवढ्यावर भागवलं. एका धिप्पाड गड्याला त्यांनी बाजूला काढलं, का तर तीन संघ बदलले, टिकायचा नाही. दुसऱ्याचा गुडघा दुखतोय पण घरच्यांनी लपवलंय, असा त्यांना वहीम. पहिल्याच पाळीला त्यांनी चेंडूला नुसती लाथ मारणारा घेतला, मुलगा शांत वाटतो म्हणून. त्याला शेवटी घेतात म्हणे. सून हसून हसून खाली बसली.

खरी अडचण वेळेची. पाळी आली की दीड मिनिटात नाव सांगायचं, आणि हे म्हणायचे दोन दिवस द्या, कळवतो. म्हणून मी कुकर लावायला लागले. पहिल्या शिट्टीला पाळी सुरू, तिसऱ्या शिट्टीला नाव आलंच पाहिजे. तीन आठवडे घरात डाळीचा नुसता गाळ झाला.

शेवटच्या सरावाला ह्यांची टीम एकदम झकास जमली. मी कार्डं गोळा करताना बघितलं, सहा कार्डांच्या कोपऱ्यात एकच आकडा. हा कसला, विचारलं. तर म्हणे, आठवड्याचा नंबर, त्या आठवड्यात त्यांच्या संघाला सुट्टी. घराणं चांगलं म्हणून ह्यांनी सहाही जण एकाच संघातले घेतलेले, म्हणजे सहाही एकदम घरी बसणार.

मी म्हणलं, "व्याही, माझा नवरा गेल्यावर मी इचलकरंजीत खानावळ चालवली. एकदा पंचमीला चारही बायकांना एकदम सुट्टी दिली. चाळीस माणसांच्या भाकरी एकटीनं थापल्या. हाताला फोड आले, पण ती माणसं उपाशी उठली नाहीत. तुमची उठतील."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि पहिल्यापासून पुन्हा मांडलं.

ड्राफ्टच्या रविवारी दुपारी व्याही टाय बांधून मुलाच्या शेजारी बसले. मनातला एक खेळाडू दुसऱ्यानं उचलला तर एवढंच म्हणाले, "चांगलं स्थळ गेलं." पण दर पाळीला नाव वेळेत दिलं, एकदाही कंप्युटरला निवडू दिलं नाही. शेवटाकडे मुलगाच अडला. वेळ पळत होती. त्यानं मान वळवली आणि विचारलं, "बाबा, मी कुणाला घेऊ?"

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता मागतात दोन दिवस. पण लगेच नाव सांगितलं, आणि मुलानं तेच घेतलं.

त्यांची टीम सातवी आली. थंडी सोसेना म्हणून पुढं ते नागपूरला परत गेले. नव्या मोसमात मुलगा आता दर रविवारी खेळाच्या आधी त्यांना फोन लावतो, कुणाला बसवू, कुणाला खेळवू विचारतो, आणि ते उत्तराला वेळ घेतात. टेबल रिकामं आहे, वाट्या कपाटात गेल्या. कुकरची तिसरी शिट्टी झाली की मी मात्र गॅस बंद करायच्या आधी टेबलाकडे बघते. नाव आल्याशिवाय हात पुढं होत नाही.