स्पॅनिशच्या वर्गात चोर कोण

"चोर तू हो गं. तुला वेगळं काही करावंच लागणार नाही."

मॅडम हसत म्हणाल्या. अख्खा वर्ग खदाखदा हसला. शहरात उस्मानपुऱ्यातला क्लास, रविवारची दुपार. स्पॅनिशच्या पुस्तकात गुन्ह्यांचा धडा. त्यात संवाद: दुकानदार, पोलीस, चोर. पोलीस व्हायला दोघं भांडले. चोर मी. मागच्या रविवारी पण मीच. फीच्या सवलतीसाठी फॉर्मात जात लिहिली होती ना मी. पारधी.

मी फर्दापूरकडची. लेण्यांपाशी दगड विकता विकता परदेशी भाषा तोंडात बसली. गाईड व्हायचं म्हणून एसटी धरून शहरात यायचे.

त्या दिवशी पोलिसांनी बापाला उचलून चार दिवस झाले होते. गावात कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली. मोटर गेली की जीप आमच्याच पालावर. लहान होते तव्हापासून बघते. जीप वाजली की आई चूल इझवून आम्हाला तुरीत दडवायची. बाप परत यायचा तो तळपाय सुजवून. नुसता आमच्याकडं पाठ करून बसायचा. ते तळपाय मला आजही झोपेत दिसतात. रस्त्यानं जीप गेली तरी मी आडोशाला होते.

पुस्तक घेऊन उभी राहिले. चोराचं पहिलंच वाक्य: माफ करा साहेब. तोंडातून निघेना. नजर खाली शब्दांच्या यादीवर गेली. उर्तो म्हणजे चोरी, ते पाठ होतं. त्याच्याखाली देतेन्सिओन इलेगाल. बेकायदा डांबून ठेवणं. आगं बाई! हा पण गुन्हा?

"मॅडम, हे आपल्याकडं पण गुन्हाच हाय का?"

"हो. पकडलेल्या माणसाला चोवीस तासांत कोर्टापुढं न्यावंच लागतं. तू वाक्य म्हण बघू."

समद्यांनी माना हलवल्या. समद्या वर्गाला ठाऊक होतं. एकटी मीच परमुलखाच्या पुस्तकातून शिकले. आधी लाज वाटली. मग राग आला. लई राग आला.

"नाय म्हणणार. मी चोर होणार नाय."

"अगं, नाटक आहे फक्त!"

"तुमच्यासाठी असंल."

निघाले ती एसटी धरून थेट गावाकडच्या ठाण्यात. हवालदाराला म्हणलं, माझ्या बापाला कशात धरलंय, कागद दाखवा. कागद नव्हताच.

"लई शिकलीस का?"

"व्हय."

तिथंच पायरीवर बसून अर्ज लिहिला. कुठल्या दिवशी नेलं, किती वाजता, कोणी नेलं. हवालदाराच्या हातात दिला, नक्कल कोर्टात देते म्हणलं, अन् तिथनं उठले नाय. रात्र सरायच्या आत बापाला सोडलं. माफी कुणी मागितली नाय.

परत मोटर जाईल, परत जीप येईल. मला ठाऊक हाय. बाप म्हणतो, "पोरी, गप ऱ्हा, तुला पण मारतील."

मारू दे. त्याची पण तारीख मी लिहीन.