माशाच्या पोटातली फीत
आमच्या शेजारच्या मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. बोलणं फार संथ. काहीही विचारा, आधी "थांबा, सांगते" म्हणतात. सुटीच्या दिवशी गोसीखुर्द धरणाचं पाणी बाटलीत आणून उजेडात धरतात आणि त्यातले ठिपक्याएवढे जीव मलाही दाखवतात.

मागच्या हिवाळ्यात आम्ही बाजारात असताना एका माशाच्या पोटातून पांढरी, फितीसारखी अळी निघाली आणि गिऱ्हाईक पांगलं. मासेवाली रडकुंडीला आली. "मॅडम, कोनी घेऊनच नाही राहिलं. पान्यालेच रोग लागला म्हनतेत."

"थांबा, सांगते. हा जंत आधी पाण्यातल्या बारीक जिवात शिरतो. मासा तो जीव गिळतो. मग जंत माशाला वरवर पोहायला लावतो, म्हणजे पक्षी त्याला सहज टिपतो. जंताला पक्ष्याच्या पोटात जायचं असतं, आपल्या नाही."

तरी लांब उभं राहिलेलं कोणी पुढे आलं नाही. मॅडमनी तिच्याकडचे दोन मासे साफ करून घेतले, शेजारच्या गाड्यावर खरपूस तळून घेतले आणि सगळ्यांसमोर सावकाश खाल्ले. हळूहळू लोक पुन्हा टोपलीपाशी आले.

परतताना मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"खायची नाही वाटली," त्या म्हणाल्या. "पण एका गोष्टीची वाटते. जंतानं वर आणलेल्या त्या माशाला वाटत असेल, आपण आपल्याच मनानं वर आलो."